तीन तिरक्या पायऱ्या रेव्हिटमध्ये कशा बसवाव्यात

मी साताऱ्यात घरी बसून तीन-चार आर्किटेक्टांची ड्रॉइंगं करून देते. माझ्या पहिल्या वळणाच्या जिन्यात मी चार तिरक्या पायऱ्या काढल्या होत्या, चौघींची टोकं एकाच बिंदूत. प्लॅनवर पंखा उघडल्यासारखं छान दिसत होतं. सेंट्रिंगच्या (काँक्रीटचा साचा बांधणाऱ्या) मिस्त्रींचा साइटवरून फोन आला, "ताई, या टोकावर मांजर तरी उभं राहील का?" तेव्हापासून मी रेव्हिट, म्हणजे इमारतीचं थ्रीडी मॉडेल आणि ड्रॉइंग करायचं सॉफ्टवेअर, उघडायच्या आधी वही उघडते.

परवाच संपवलेल्या एका रो-हाउसचं उदाहरण घेते. मजल्याची उंची तयार फरशीपासून तयार फरशीपर्यंत 10 फूट, म्हणजे 3048 मिलिमीटर. राष्ट्रीय बांधकाम संहितेत घरातल्या जिन्याची पायरी 250 मिलिमीटरपेक्षा कमी खोल नको आणि 190 पेक्षा उंच नको असं आहे. मी 18 उंच्या (पायरीच्या उभ्या बाजू) धरल्या, एकेक साधारण 169. शेवटची उंची थेट स्लॅबवर चढते, म्हणून पाय ठेवायला पायऱ्या 17. जिना 900 रुंद. एका बाजूला बाथरूमच्या दारापर्यंत साडेसात फूट मोकळी जागा, दुसऱ्या बाजूची भिंत पावणेअकरा फूट.

कोपऱ्यात सपाट लँडिंग ठेवलं तर उरलेल्या 16 सरळ पायऱ्या दोन बाजूंना वाटायच्या. खाली 5 घेतल्या तर वरच्या 11 साठी भिंत पुरत नाही. खाली 6 किंवा 7 घेतल्या तर पहिली पायरी बाथरूमच्या दारात. म्हणून इथे तिरक्या पायऱ्या. हौस म्हणून काढू नका. खालच्या हिशोबाने केलेल्या वळणात दोन्ही बाजू मिळून जेमतेम एक फूट वाचतो. तो फूट नडत नसेल तर लँडिंगच बरं, फ्रिज चढवताना कळतं.

आता वळण. काटकोनात तीन पायऱ्या, प्रत्येकीला 30 अंश. सेंटर, म्हणजे तिरक्या रेघा जिथून निघतात तो बिंदू, जर जिन्याच्या आतल्या कोपऱ्यावरच ठेवलं तर आतल्या टोकाला पायरीची रुंदी शून्य आणि मधोमध, कोपऱ्यापासून 450 वर, ती 236 भरते. म्हणजे नेमकी जिथून माणूस चालतो तिथेच कमी. (माझ्या त्या चार पायऱ्यांमध्ये तीच 177 होती.) उपाय सोपा आहे. सेंटर आतल्या कोपऱ्यापासून दोन्ही दिशांना 100 मिलिमीटर बाहेर, जिन्याच्या मोकळ्या चौकात सरकवा. मग पहिल्या आणि तिसऱ्या तिरक्या पायरीचं आतलं टोक 58 होतं, मधल्या पतंगासारख्या पायरीचं 85. ब्रिटनच्या नियमांत अरुंद टोकाला निदान 50 मागतात, त्यात हे बसतं. आतल्या कडेपासून 375 वर चालण्याची रेघ काढून मोजा, तिरकी पायरी जवळजवळ 250 येते, सरळ पायरीइतकीच. पाय वळणावर अडखळत नाही तो यामुळे.

किंमत एवढीच की वळण दोन्ही बाजूंच्या सरळ भागात 100-100 घुसतं. खालची बाजू: 5 पायऱ्यांचे 1250, अधिक 100, अधिक 900, एकूण 2250. वरची: 9 पायऱ्यांचे 2250, अधिक 100, अधिक 900, एकूण 3250. दोन्हीकडे इंचभर उरतो, तो प्लॅस्टरला लागतो. वळण मुद्दाम खाली ठेवलंय. कुणी घसरलंच तर कमरेएवढ्या उंचीवरून घसरावं.

रेव्हिटमध्ये जिन्याच्या कमांडला तयार 'एल-शेप वाइंडर' (तिरक्या पायऱ्यांचं काटकोनी वळण) आहे. त्यात 'बॅलन्स्ड' घेतलं तर तिरकेपणा शेजारच्या सरळ पायऱ्यांवरही पसरतो, 'सिंगल पॉइंट' घेतलं तर रेघा एका बिंदूकडे जातात. जागेत जिना मावतो का हे बघायला दोन मिनिटांत टाकून पाहावा. पण पक्क्या ड्रॉइंगला मी तो वापरत नाही, मला सेंटर माझ्या मापाने हवं असतं.

म्हणून 'रन'मधलं 'क्रिएट स्केच'. आधी प्रकार 'मोनोलिथिक' (एकसंध काँक्रीटचा) निवडा आणि उंच्यांची संख्या हाताने 18 टाका. नाहीतर 190 ची मर्यादा बघून रेव्हिट स्वतःच 17 धरतं आणि तुमचा वहीतला हिशोब तिथेच मोडतो. मग दोन रेफरन्स प्लेन (मदतीच्या रेघा) टाकून सेंटर पकडा. हिरव्या 'बाउंड्री'ने आतला आणि बाहेरचा काटकोन काढा. काळ्या 'रायझर' (उंचीच्या) रेघा सरळ भागात 250 वर कॉपी करा. वळणातल्या सेंटरपासून 0, 30, 60, 90 अंशांवर ओढा आणि दोन्ही बाउंड्रीला नेमक्या ट्रिम करा. रेघ केसभर आधी थांबली की स्केच बंद होताना रेव्हिट कुरकुर करतं, आणि चूक कुठे आहे ते झूम करून शोधण्यात संध्याकाळ जाते. निळा 'स्टेअर पाथ' त्या 375 च्या रेघेवरूनच न्या. शेवटी काळ्या रेघा मोजा, 18 भरल्या पाहिजेत. तयार वाइंडर टाकून मग 'कन्व्हर्ट'ने स्केच करता येतं, पण ते उलटं फिरवता येत नाही. आधी फाइलची कॉपी ठेवा.

आता थ्रीडीत जिन्याच्या खाली जा. सगळे वरून बघतात, मिस्त्री खालून बांधतो. 'अंडरसाइड'ला 'स्मूथ' असेल तर वळणाखाली पिळलेला पृष्ठभाग दिसेल. तो प्लायने साधणं कष्टाचं काम आहे. मिस्त्रींना विचारून मी बऱ्याचदा 'स्टेप्ड' (खालूनही पायऱ्यापायऱ्यांचा) ठेवते. सळईचं मात्र स्ट्रक्चरल इंजिनिअरवर सोडा.

मग सेक्शन (उभा छेद), डोकं आपटतं का ते बघायला. संहिता 2.2 मीटर मागते. 75 ची फरशी आणि 125 चा स्लॅब धरला तर स्लॅबचा तळ 2848 वर येतो, म्हणजे चौथ्या पायरीपासून वर स्लॅब उघडा हवा. उघड्या भागाच्या कडेला 380 चा बीम असेल तर तो तिसऱ्या पायरीवरही चालत नाही. हे आर्किटेक्टला आत्ताच सांगा, बीम भरल्यावर नाही.

आणि फरशी. मजल्यावर बेडिंगसकट (खालच्या मसाल्याच्या थरासकट) 75 चढते, पायरीवर ग्रॅनाइट आणि मसाला मिळून 40. काँक्रीटच्या सगळ्या उंच्या सारख्या भरल्या तर शेवटी पहिली पायरी 134 ची आणि वरची 204 ची होते. म्हणून लेव्हल्स तयार फरशीच्या घ्या आणि साइटसाठी काँक्रीटची मापं वेगळ्या सेक्शनवर लिहून द्या: पहिली उंची 35 ने जास्त, शेवटची 35 ने कमी.

वळणाचा भाग मी आता एकास एक मापात छापून देते. तो 1000 बाय 1000 होतो, 36 इंची रोलवर मावत नाही, म्हणून दोन पट्ट्या चिकटवाव्या लागतात. मिस्त्री तो कागद प्लायवर पसरतात, सेंटरला खिळा ठोकतात आणि दोरीने रेघा मारतात. परवाच्या साइटवर त्यांनी आधी मधल्या पायरीच्या आतल्या टोकावर स्वतःचा पाय ठेवून पाहिला, मग खिळा मारला.