सोयाबीनच्या प्लॉटपासून अनोवाच्या टेबलापर्यंत: फुकटच्या सॉफ्टवेअरवर थिसिसचं गणित कसं करावं

ऑक्टोबरात सोयाबीनची मळणी उरकते, पोत्यांवरच्या चिठ्ठ्या वहीत उतरतात आणि मग माझा फोन वाजायला लागतो. परभणीहून कुणी ज्युनिअर, बदनापूरहून कुणी. प्रश्न दरवर्षी एकच: "ताई, आकडे तयार आहेत. सॉफ्टवेअर आहे का तुमच्याकडे?" म्हणजे संख्याशास्त्राच्या सॉफ्टवेअरची पेन ड्राइव्हवर फिरणारी फोडलेली प्रत आहे का. मी पण एकेकाळी अशीच प्रत लावली होती. थिसिस जमा करायला पंधरा दिवस उरलेले असताना लॅपटॉपमधल्या सगळ्या फाईलींना व्हायरस लागला आणि रोपांच्या उंचीची दोन वर्षांची नोंद वहीतून परत टाइप करत बसले. तेव्हापासून उत्तर ठरलेलं आहे: सॉफ्टवेअर आहे, फुकट आहे, आणि चोरीचं नाही.

नावं चारच लक्षात ठेवा. आर, जमोवी, जॅस्प आणि पीएसपीपी. चारही मुक्त स्रोत आहेत. म्हणजे पैसे नाहीत, मुदत संपणं नाही, आणि आतला हिशोब कसा होतो तो कोडही कुणालाही उघडून बघता येतो. "फुकटचं म्हणजे कच्चं" असं एखाद्या व्हायवात ऐकावं लागलं, तर सांगा की आर ही जगभरच्या संख्याशास्त्रज्ञांची रोजची भाषा आहे. न्यूझीलंडच्या ऑकलंड विद्यापीठातल्या रॉस इहाका आणि रॉबर्ट जेंटलमन यांनी ती उभी केली, आणि तिची १.० आवृत्ती २९ फेब्रुवारी २००० ला आली. जमोवी आणि जॅस्प या दोघांच्याही पोटात हीच आर बसलेली आहे. वरून माऊसने चालवायची खिडकी, आत तोच हिशोब.

माझं मत स्पष्ट आहे: पहिल्यांदाच करत असाल तर जमोवीपासून सुरुवात करा, आरपासून नको. आर शिकायला हवी, पण थिसिसच्या घाईत नाही. जमोवीच्या संकेतस्थळावर दोन आवृत्त्या दिसतात, सॉलिड आणि करंट. डोळे झाकून सॉलिड घ्या. विंडोज, मॅक, लिनक्स, तिन्हीवर चालते. इन्स्टॉल करताना वेगळं काही विचारत नाही, म्हणून त्यावर जास्त लिहीत नाही.

खरं काम शीटमध्ये

बटण दाबायला दोन मिनिटं लागतात. दोन दिवस जातात ते शीट नीट लावण्यात, आणि माझ्याकडे येणाऱ्या अडचणींतल्या बहुतेक इथंच अडकलेल्या असतात.

एक छोटा प्रयोग घेऊ. आकडे मी सरावासाठी मुद्दाम सोपे बनवले आहेत, कुठल्याही शेतातले नाहीत. सोयाबीन पेरणीच्या तीन पद्धती: सपाट पेरणी, पट्टापेर आणि बीबीएफ, म्हणजे रुंद वरंबा सरी. चार रेप्लिकेशन, म्हणजे प्रत्येक पद्धत चार वेळा पेरलेली. डिझाईन आपलं नेहमीचं आरबीडी: शेताचे चार तुकडे, म्हणजे ब्लॉक, आणि प्रत्येकात प्रत्येक पद्धतीचा एक प्लॉट. उत्पादन हेक्टरी क्विंटलमध्ये.

सपाट: १८, २०, १६, १८
पट्टापेर: २०, २१, १८, २१
बीबीएफ: २२, २५, २०, २१

वहीत असंच लिहितात, आडव्या ओळीत पद्धत आणि उभ्या रकान्यांत रेप्लिकेशन. वहीला ते ठीक आहे, सॉफ्टवेअरला चालत नाही. त्याला एका ओळीत एकच प्लॉट लागतो. म्हणजे बारा ओळी आणि तीन रकाने: ब्लॉक, पद्धत, उत्पादन. पहिली ओळ अशी: १, सपाट, १८. दुसरी: २, सपाट, २०. असं करत बाराव्या ओळीला ४, बीबीएफ, २१. लिब्रेऑफिसच्या कॅल्कमध्ये हे पाच मिनिटांत टाइप होतं, तेही फुकटच आहे.

टाइप करताना काही गोष्टी सांभाळा. इथं मी देवनागरी अंक लिहितेय, पण शीटमध्ये इंग्रजी अंकच टाका. देवनागरी १८ हा आकडा न धरता अक्षर धरला जाण्याची भीती असते. रकान्यांची नावं मराठीत ठेवलीत आणि एक्सेलमधून सीएसव्ही काढली, तर यूटीएफ-८ वाला पर्याय निवडा, नाहीतर सगळीकडे प्रश्नचिन्हं उगवतात. आकड्यापुढे "क्विं." लिहू नका. नावात फरक नको: एका ओळीत "बीबीएफ" आणि दुसरीत "बीबीएफ" च्या मागे न दिसणारी रिकामी जागा राहिली, की सॉफ्टवेअर त्या दोन वेगळ्या पद्धती समजू शकतं. अनोवाच्या, म्हणजे पद्धतींमधला फरक खरा की योगायोगाचा हे तपासणाऱ्या हिशोबाच्या, टेबलात तीनऐवजी चार ट्रीटमेंट, म्हणजे पद्धती, दिसल्या तर आधी इथं शोधा.

प्लॉटचं वजन हेक्टरवर नेतानाही चुका होतात. नेट प्लॉट, म्हणजे कडेच्या ओळी सोडून कापलेला भाग, २० चौरस मीटरचा आणि धान्य ४ किलो भरलं, तर हेक्टरी २००० किलो, म्हणजे २० क्विंटल. हे सूत्र शीटमध्येच ठेवा, कॅल्क्युलेटरवर करून निकाल टाइप करू नका. चूक झाली तर माग काढता येतो.

आणि शून्याचं. रानडुकरांनी एक प्लॉट लोळवला, किंवा सप्टेंबरच्या पावसात पाणी तुंबून शेंगा कुजल्या आणि मापच घेता आलं नाही, तर ती चौकट रिकामी ठेवा. शून्य लिहिलंत तर अर्थ होतो की पेरलं, वाढलं, कापलं आणि दाणा एकही निघाला नाही. गेल्या वर्षी एकाच्या टेबलात बीबीएफ सगळ्यात खाली आली होती, कारण काय तर असं एक शून्य.

जमोवीत

डावीकडे वर तीन आडव्या रेघा आहेत. तिथून ओपन करून फाईल घ्या. एक्सेल, ओडीएस, सीएसव्ही, सगळं उघडतं, आणि एसपीएसएस या विकतच्या सॉफ्टवेअरची कुणाची जुनी एसएव्ही फाईल असेल तर तीही.

उघडल्या उघडल्या अनॅलिसिसकडे धावू नका. प्रत्येक रकान्याच्या नावावर दोनदा क्लिक करा आणि प्रकार बघा. फूटपट्टीचं चित्र म्हणजे कंटिन्युअस, मोजून आलेला आकडा. तीन गोल म्हणजे नॉमिनल, नुसतं नाव. पायरीसारखे चढते खांब म्हणजे ऑर्डिनल, क्रम असलेला. उत्पादनाला फूटपट्टी हवी, पद्धत आणि ब्लॉकला नॉमिनल. हे जमोवी अंदाजाने ठरवते. रकान्यात थोडेच वेगवेगळे पूर्ण आकडे असले की त्यांनाही ती नावं समजण्याची शक्यता असते. आपल्या उत्पादनात तर सहाच वेगळे आकडे आहेत, तेव्हा नक्की तपासा. ब्लॉकचं उलटं होतं: १, २, ३, ४ हे आकडे असले तरी ती शेताच्या तुकड्यांची नावं आहेत, मापं नाहीत. आरमध्ये हे सांगायचं राहिलं की ब्लॉकचा डीएफ (डिग्रीज ऑफ फ्रीडम, म्हणजे गटांच्या संख्येतून एक वजा) ३ ऐवजी १ दिसतो. टेबल देखणं येतं आणि पूर्ण चुकीचं असतं.

आता अनॅलिसिस टॅब, अनोवा, आणि त्यातही वन-वे नाही, नुसतं अनोवा. उत्पादन डिपेंडंट व्हेरिएबलच्या चौकटीत ओढा, पद्धत आणि ब्लॉक फिक्स्ड फॅक्टर्समध्ये.

इथं सगळे अडतात. निकालाच्या जागी धड काही येत नाही आणि फोन येतो, "ताई, हे बिघडलंय." बिघडलेलं नसतं. जमोवी आपणहून पद्धत आणि ब्लॉक यांची जोडी, म्हणजे इंटरॅक्शनही मॉडेलमध्ये घेते. आरबीडीत प्रत्येक ब्लॉकमध्ये प्रत्येक पद्धतीचा एकच प्लॉट असतो. बारा प्लॉटचे डीएफ अकरा: पद्धतीचे २, ब्लॉकचे ३, आणि जोडीने ६ खाल्ले की एररला, म्हणजे उरलेल्या योगायोगाच्या फरकाला, शून्य उरतात. मग भागायचं कशाने? खालचा मॉडेल नावाचा पट्टा उघडा, उजव्या बाजूच्या यादीतून ती जोडी निवडा आणि डावीकडे परत पाठवा. ते ६ डीएफ एररकडे जातात आणि टेबल भरतं.

आपल्या आकड्यांवर असं यायला हवं: पद्धतीचा सम ऑफ स्क्वेअर्स ३२, मीन स्क्वेअर १६, एफ २४, पी-व्हॅल्यू ०.००१. ब्लॉकचा सम ऑफ स्क्वेअर्स २४, एफ १२. रेसिड्युअल्स, म्हणजे आपण ज्याला एरर म्हणतो ते, ४, डीएफ ६, मीन स्क्वेअर ०.६६७. सम ऑफ स्क्वेअर्स म्हणजे फरकांच्या वर्गांची बेरीज, तिला डीएफने भागलं की मीन स्क्वेअर, आणि त्याला एररच्या मीन स्क्वेअरने भागलं की एफ. पी-व्हॅल्यू म्हणजे खरा फरक नसताना एवढा किंवा याहून मोठा एफ नुसत्या योगायोगाने येण्याची शक्यता. हे तुमच्या स्क्रीनवर जुळलं, तर शीट आणि पायऱ्या दोन्ही बरोबर. इतकं गुळगुळीत उत्तर शेतात मात्र येत नाही, तेव्हा स्वतःच्या टेबलात एफ २४ दिसला तर हरखण्याआधी आकडे पुन्हा तपासा.

आता गंमत म्हणून ब्लॉक काढून टाका. एफ २४ वरून ५.१४ वर घसरतो, पी-व्हॅल्यू ०.०३२ होते. आकडे तेच, शेत तेच. तिसऱ्या ब्लॉकची जमीन हलकी होती, हे वरच्या आकड्यांत उघड दिसतंय, पण ते मॉडेलला सांगितलं नाही की तो सगळा फरक एररच्या खात्यात जमा होतो. रोनाल्ड फिशर १९१९ मध्ये इंग्लंडच्या रॉथॅमस्टेडच्या शेती संशोधन केंद्रात रुजू झाले आणि तिथल्या प्लॉटांवरूनच त्यांनी अनोवाची ही रीत बसवली. त्याआधी १९०८ मध्ये टी-टेस्टचा, म्हणजे दोन सरासरींच्या तुलनेचा, पाया घालणारे गॉसेट तर बिअरच्या कारखान्यात नोकरीला होते आणि बार्लीवर काम करत. तेव्हा हे गणित पुस्तकी आहे असं शेतीच्या विद्यार्थ्याने तरी म्हणू नये.

"पण ताई, सीडी कुठंय?"

गाईड सरांना टेबलाखाली एसई (स्टँडर्ड एरर) आणि ५ टक्क्यांवरची सीडी लागते, म्हणजे क्रिटिकल डिफरन्स: दोन सरासरी खरंच वेगळ्या म्हणायला लागणारा किमान फरक. जमोवीच्या टेबलात सीडी असा रकानाच नाही. तिच्या पोस्ट हॉक टेस्ट्समध्ये, म्हणजे दोन-दोन पद्धतींच्या तुलनेत, ट्युकीची टेस्ट मिळते, आणि नो करेक्शनवर टिक केली की मिळणारी तुलना म्हणजे आपल्या सीडीचंच दुसरं रूप. पण आकडा हवाच असेल तर हाताने काढा, अवघड नाही.

रेसिड्युअलचा मीन स्क्वेअर ०.६६७. त्याची दुप्पट १.३३३. रेप्लिकेशन चार, म्हणून चारने भागा: ०.३३३. वर्गमूळ ०.५७७, हा दोन सरासरींमधल्या फरकाचा एसई. टी-टेबलात ६ डीएफला ५ टक्क्यांवर २.४४७ आहे. कॅल्कमध्ये टीइन्व्ह हे फंक्शनही तेच देतं. गुणाकार केला की सीडी १.४१. सरासरी आहेत १८, २० आणि २२, म्हणजे कुठल्याही दोघांत किमान २ चा फरक. तिघीही एकमेकींपासून वेगळ्या. अवघ्या प्रयोगाची सरासरी २० आणि ०.६६७ चं वर्गमूळ ०.८१६, यावरून सीव्ही, म्हणजे एररची चढउतार सरासरीच्या टक्क्यांत, ४.१ टक्के.

दर टेबलाला हे करायचा कंटाळा आला, तर समजा आर शिकायची वेळ झाली. तिथं अ‍ॅग्रिकोले नावाचं पॅकेज शेतीच्या प्रयोगांसाठीच बनवलेलं आहे, त्यात सीडी आणि अ, ब, क अशी अक्षरं (अक्षर सारखं म्हणजे फरक नाही) थेट मिळतात. आधी आर टाका, मग आरस्टुडिओ, म्हणजे आर चालवायची सोयीची खिडकी, उलट नाही. आणि सुरुवातीला कोड कुठून आणायचा? जमोवीतच उजवीकडच्या तीन टिंबांत सिंटॅक्स मोड आहे. तो चालू केला की प्रत्येक निकालाच्या वर त्याचा आरमधला कोड दिसतो. मी तसंच शिकले.

जमोवीतल्या अझम्प्शन चेक्समध्ये क्यू-क्यू प्लॉट (एररचं वाटप नॉर्मल आहे का ते दाखवणारा) जरूर बघा, टिंबं तिरक्या रेघेच्या आसपास हवीत. होमोजिनिटीची, म्हणजे सगळ्या गटांतली चढउतार सारखी आहे का हे बघणारी, टेस्ट मात्र आरबीडीत लावू नका. एका चौकटीत एकच आकडा असताना ती कशाचा फरक मोजणार?

शेतीबाहेरच्यांसाठी थोडक्यात. नांदेडला शिक्षणशास्त्रात पीएचडी करणारी माझी मैत्रीण प्रश्नावलीवर काम करते. तिला अनोवापेक्षा काय-स्क्वेअर (दोन वर्गीकरणांत संबंध आहे का) आणि क्रॉनबाख अल्फा (प्रश्नावलीतली विधानं एकमेकांशी किती जुळतात) लागतात. पहिला जमोवीच्या फ्रिक्वेन्सीजमध्ये आहे, दुसरा फॅक्टरमधल्या रिलायबिलिटीत. उलट अर्थाची विधानं असतील तर ती तिथेच रिव्हर्स करून घ्या, नाहीतर अल्फा विनाकारण पडतो. काय-स्क्वेअरमध्ये अपेक्षित संख्या ५ च्या खाली जात असेल तर फिशर एक्झॅक्टवर टिक करा. डिपार्टमेंटमध्ये सगळे एसपीएसएसच्याच भाषेत बोलत असतील तर पीएसपीपी बघा, तोंडवळा तसाच आहे. बेझियन पद्धत, म्हणजे आधीची माहिती धरून शक्यता काढणारी, हवी असेल तर अ‍ॅमस्टरडॅम विद्यापीठातून आलेलं जॅस्प.

शेवटी फाईल सेव्ह करा. ओएमव्ही या एकाच फाईलमध्ये आकडे, निवडलेले पर्याय आणि निकाल सगळं राहतं. सरांना तीच पाठवा, स्क्रीनशॉट नको. निकालाच्या तळाशी जमोवी स्वतःचा संदर्भ आवृत्तीच्या क्रमांकासह छापते, तो जसाच्या तसा मटेरियल अँड मेथड्समध्ये घ्या. आणि वहीच्या त्या पानाचा फोटो फाईलशेजारी ठेवा, ज्यावर मळणीच्या दिवशी पेन्सिलने वजनं लिहिली होती.