अल्बानियाला कमी खर्चात जाताय? मग या चुका टाळा

अल्बानियातल्या बेरात गावाच्या एका गल्लीत गरम ब्युरेकचा वास आला आणि आमचे पाय आपोआप थांबले. ब्युरेक म्हणजे पातळ पापुद्र्यांमध्ये पालक किंवा चीज घालून भाजलेला प्रकार. सकाळी एक पोटात गेला की दुपारपर्यंत भूक नाही. दोन घेतले. दुकानातल्या आजी काहीतरी बोलल्या, शेजारी उभ्या असलेल्या मुलाने इंग्रजीत सांगितलं, "हजार." मनात म्हटलं, झालं, परदेशी बघून कापलं. निमूटपणे हजार लेकची (लेक हे इथलं चलन) नोट पुढे केली. आजी हसल्या, नोट माझ्या मुठीत परत कोंबली, माझ्या तळहातावरच्या चिल्लरमधून शंभर लेकचं एक नाणं उचललं आणि पुढच्या गिऱ्हाइकाकडे वळल्या.

झालं असं, की १९६५ साली अल्बानियाने आपल्या चलनातलं एक शून्य उडवलं. लोकांच्या तोंडून मात्र ते आजही गेलेलं नाही. बाजारात, टॅक्सीत, विशेषतः वयस्कर माणसं अजूनही 'जुन्या लेक'मध्ये भाव सांगतात, म्हणजे खऱ्या रकमेच्या दहापट. सध्या एक लेक म्हणजे जवळपास एक रुपया, त्यामुळे आपल्याला हिशोब फार सोपा वाटतो आणि तिथेच आपण फसतो. आकडा अचाट वाटला तर आधी 'लेक तेरेया?' म्हणजे 'नवे लेक?' असं विचारा. आजींनी नोट परत केली. प्रत्येक टॅक्सीवाला करेलच असं नाही, म्हणून टॅक्सीत बसण्याआधी रक्कम मोबाइलवर टाइप करून दाखवा.

अल्बानियात राहणं-खाणं पश्चिम युरोपच्या मानाने स्वस्तच आहे. खिसा रिकामा होतो तो घरी बसून केलेल्या नियोजनातल्या चुकांमुळे.

व्हिसाचा क्रम उलटा लावणे

ही सगळ्यात महाग चूक. अल्बानिया शेंगेनमध्ये, म्हणजे एकाच व्हिसावर फिरता येणाऱ्या युरोपीय देशांच्या गटात नाही. भारतीय पासपोर्टवर ई-व्हिसा लागतो. पण शेंगेन, अमेरिका किंवा ब्रिटनचा अनेक प्रवेशांचा वैध व्हिसा असेल आणि तो निदान एकदा वापरलेला असेल, तर वेगळ्या व्हिसाशिवाय जाता येतं. गोची 'वापरलेला' या शब्दात आहे. नवाकोरा शेंगेन व्हिसा घेऊन कुणी ठरवतं, 'आधी राजधानी तिराना, मग ग्रीस', आणि विमानतळावरच अडकतं. क्रम फिरवा : आधी ग्रीस किंवा इटली, मग अल्बानिया. शेंगेन व्हिसा एकाच प्रवेशाचा असेल तर ही सवलत मिळत नाही, आणि एकदा बाहेर पडलात की परत आत जाता येत नाही. नियम बदलत असतात, म्हणून तिकीट काढायच्या आदल्या दिवशी अल्बानियाच्या परराष्ट्र मंत्रालयाच्या संकेतस्थळावर पुन्हा एकदा बघा.

स्वस्तात पडतं म्हणून दोन वेगवेगळी तिकिटं जोडताना हाच घोळ होतो. मधला थांबा शेंगेन देशात असेल आणि बॅग तिथे घेऊन पुन्हा जमा करायची असेल, तर तुम्ही त्या देशात प्रवेश करताय. व्हिसा नसेल तर स्वस्त तिकीट कागदावरच राहतं.

बसचं वेळापत्रक शोधत बसणे

इथे रेल्वेच्या भरवशावर राहू नका. सगळा कारभार बस आणि फुर्गोनवर चालतो. फुर्गोन म्हणजे आपल्याकडच्या वडापचीच जरा सभ्य आवृत्ती : मिनीबस, काचेवर गावाच्या नावाची पाटी, आणि बरेचदा गाडी भरली की निघणार. बरीचशी वाहतूक सकाळी होते. आपल्या सवयीने निवांत नाश्ता करून अकराला बाहेर पडलं, तर लहान गावांच्या गाड्या निघून गेलेल्या असतात. मग उरते टॅक्सी, आणि दोन दिवसांची बचत एका फेरीत संपते. आदल्या संध्याकाळी गेस्ट हाउसच्या मालकिणीला विचारायचं : उद्याची गाडी कुठून आणि किती वाजता? इंटरनेटवरच्या कुठल्याही माहितीपेक्षा तिचं उत्तर जास्त खरं निघतं.

नकाशावरचं अंतर बघून बेत आखू नका. बेरात आणि ग्यिरोकास्तर ही दोन्ही जागतिक वारशातली गावं नकाशावर शेजारी दिसतात. मध्ये डोंगर आहेत, त्यामुळे बस पश्चिमेकडे फिएरवरून वळसा घालून जाते. एका दिवसात दोन्ही 'करून टाकू' म्हणणाऱ्यांचा दिवस गाडीतच जातो.

आता मानेची गोष्ट. फुर्गोनच्या चालकाला मी विचारलं, "ग्यिरोकास्तर?" त्याने मान आडवी हलवली. मी पिशवी घेऊन बाजूला झालो. गाडी निघून गेली, आणि काचेवरची पाटी मी वाचली ती ती वळताना. अल्बानियात, निदान जुन्या पिढीत, मान आडवी हलवणं म्हणजे होकार आणि वर झटकणं म्हणजे नकार. आपण 'हो हो' म्हणत मान डोलावतो, ती मात्र त्यांना बरोब्बर कळते. तरुण मंडळी दोन्ही पद्धती वापरतात, त्यामुळे गोंधळ आणखी वाढतो. उपाय एकच : मानेकडे बघू नका, शब्द ऐका. 'पो' म्हणजे हो, 'यो' म्हणजे नाही.

कार्डाच्या भरवशावर निघणे

तिरानाबाहेर रोख लागतेच : फुर्गोनला, छोट्या खानावळीत, डोंगरातल्या घरगुती मुक्कामाला. बहुतेक एटीएम परदेशी कार्डावर दर वेळी काहीशे लेक कापतात, म्हणून हजार-हजार काढत बसू नका. मशीन 'तुमच्या चलनात रक्कम कापू का?' असं विचारेल, तिथे नाही म्हणा. भारतातून थोडे युरो नेणं आणि शहरातल्या चलन बदलून देणाऱ्या दुकानांत ते मोडणं हा मला सगळ्यात कमी डोकेदुखीचा मार्ग वाटला.

ऑगस्टमध्ये किनारा

दक्षिण किनाऱ्यावरच्या क्सामिल गावाचे निळ्या पाण्याचे फोटो बघून जुलै-ऑगस्टमध्ये जाऊ नका. किनाऱ्याचा बराच भाग भाड्याच्या खुर्च्यांनी व्यापलेला असतो आणि खोल्यांचे दर चढलेले असतात. सप्टेंबरात पाणी तेच, गर्दी निम्मी. याच पट्ट्यात फोनही दगा देतो. समोर ग्रीसचं कोर्फू बेट आहे, त्यामुळे फोन तिथलं नेटवर्क पकडतो, रोमिंगचं बिल चढतं आणि घड्याळ एक तास पुढे सरकतं. अल्बानियाची वेळ ग्रीसपेक्षा एक तास मागे आहे. जवळच्या सारांदा बंदरातून कोर्फूची बोट पकडायची असेल तर फोनची वेळ हाताने लावून ठेवा. शिवाय 'युरोप'च्या नावाने विकलेल्या सिममध्ये अल्बानिया असतोच असं नाही. विकत घ्यायच्या आधी देशांची यादी बघा.

डोंगर हलक्यात घेणे

सह्याद्रीत भटकणाऱ्यांसाठी खास. उत्तरेकडचा थेथ ते वाल्बोना हा ट्रेक अप्रतिम आहे आणि वाटाड्याशिवाय जमण्यासारखा आहे. पण खिंड साधारण १,८०० मीटरवर आहे, म्हणजे आपल्या कळसूबाईपेक्षाही उंच. चालायला सहा ते आठ तास लागतात आणि मे महिन्यातही वर बर्फ असू शकतो. जून ते सप्टेंबर हा काळ बरा. मोठी बॅग उत्तरेकडच्या शकोदर शहरातल्या गेस्ट हाउसमध्ये ठेवा, पाठीवर दोन दिवसांपुरतं घ्या. परतताना कोमानच्या तलावातून बोटीने या. उंच कड्यांमधला तो प्रवास चुकवू नका. बोटीची आणि पुढच्या गाडीची जागा आधी सांगून ठेवा.

शाकाहारी मंडळींनी 'पा मिश' म्हणजे 'मांसाशिवाय' हे दोन शब्द पाठ करावेत. फेर्गेस हा ढोबळी मिरची, टोमॅटो आणि चीजचा पदार्थ ऐकायला निर्धोक वाटतो, पण तिरानात त्यात काळीज घालायचीही पद्धत आहे. भरल्या मिरचीत कधी नुसता भात असतो, कधी खिमा. विचारून घ्या, आणि उत्तर मानेने दिलं तर पुन्हा विचारा.

शेवटचं : लेक देशाबाहेर सहजासहजी कुणी घेत नाही, म्हणून नोटा शहरातच मोडा. आमच्याकडे शेवटच्या संध्याकाळी नाणीच उरली होती, त्यांचा डोंगरी वनस्पतींचा चहा घेतला. त्याला तिथे 'चाय माली' म्हणतात, त्यामुळे सगळ्या प्रवासात तेवढंच मागताना मी अडखळलो नाही.