वस्तूसोबत आज्जीचा आवाजही जपा
सोलापूरच्या गड्ड्याच्या जत्रेत काढलेला फोटो, आजोबांचा मिलचा पास, लग्नात आलेली सोलापुरी चादर. यांचे मोबाईलवर फोटो घेताना फ्लॅश बंद ठेवा, सकाळी खिडकीपाशी घ्या. आपलं दुपारचं ऊन नको. जुन्या फोटोची मागची बाजूही टिपा, तारीख किंवा स्टुडिओचा शिक्का बहुतेक तिथेच असतो. स्कॅनर असेल तर 600 डीपीआय (एका इंचात किती ठिपके, ते माप) ठेवा.

पण त्याहून महत्त्वाचं म्हणजे वस्तू आज्जीच्या हातात द्या आणि रेकॉर्डर सुरू करा. चादरीचा काठ चाचपत ती जे सांगते, ते फोटोत येत नाही. मध्ये बोलू नका.

फाइलच्या नावात वर्ष आणि माणूस लिहा. व्हॉट्सअ‍ॅपवर ‘डॉक्युमेंट’ म्हणूनच पाठवा, नाहीतर फोटोचा दर्जा उतरतो. एक प्रत पेनड्राइव्हवर, बहिणीच्या घरी.