बाळाच्या अंथरुणातून आधी काय काढायचं

गावची आरोग्यसेविका, म्हणजे आशा म्हणून घरभेटीला गेले की वजनकाटा बाहेर काढायच्या आधी मी बाळाचं अंथरूण बघते. आमच्या इगतपुरीकडे पाऊसही जोरात आणि थंडीही, म्हणून घरची माणसं मायेने सगळं रचतात: खाली मऊ गादी, डोक्याखाली मोहरीची उशी, दोन्हीकडे लोड, अंगावर जाड गोधडी. यातलं बरंचसं मी उचलायला लावते.

गादीवर मूठ दाबून बघा. खड्डा तसाच राहिला तर ती गादी बाळाची नाही, कारण त्यात तोंड रुतलं तर तान्ह्याला मान वळवून सोडवून घेता येत नाही. सतरंजीवर गोधडीची घट्ट, सपाट घडी आणि तिच्यावर सुती पातळ चारी बाजूंनी ताणून खोचलेलं, एवढं पुरतं. वर्षापर्यंत उशी नको. डोक्याला आकार यावा म्हणून आजी ती ठेवतात. त्याऐवजी बाळ जागं असताना समोर बसून थोडा थोडा वेळ पालथं ठेवा.

झोपवायचं मात्र उताणंच, दिवसाही आणि रात्रीही. "ताई, ओकलं तर घशात अडकेल ना?" हे घरोघरी विचारतात. उताण्या बाळाची श्वासनलिका वरच्या बाजूला असते, अन्ननलिका तिच्याखाली. वर आलेलं दूध उताराने खालीच जातं आणि बाळ ते गिळून टाकतं. पालथं झोपवलं की हेच उलटं होतं. कुशीवर ठेवलेलं बाळही सहज पालथं कलंडतं. अमेरिकेत १९९४ साली उताणं झोपवण्याची मोहीम सुरू झाली आणि पुढच्या काही वर्षांत बाळांचे झोपेतले अचानक मृत्यू जवळपास निम्म्यावर आले.

थंडीत आपल्यापेक्षा कपड्यांचा एक थर जास्त घाला. हातपाय गार लागले म्हणून घाबरू नका, मानेमागे हात लावा. तिथे घाम असेल तर कपडे जास्त झालेत. दुपटं छातीशी सैल बांधा, आणि बाळ कुशीवर वळायची धडपड करू लागलं की बांधणं बंद. गळ्यातला काळा दोरा झोपताना काढा. बंद खोलीत कोळशाची शेगडी कधीच नको, त्या विषारी वायूला वासही नसतो.

बाळ आईच्या खोलीतच, हाताच्या अंतरावर, पण वेगळ्या अंथरुणावर हवं. पाजताना डोळा लागला तर जाग येताच त्याला त्याच्या जागी ठेवा. बाळ कमी वजनाचं असेल, किंवा अंथरुणात कुणी दारू प्यायलेलं, विडी ओढणारं असेल, तर शेजारी घेऊन झोपूच नका.

झोळीत मान छातीवर दुमडते. डोळा लागला की उचलून सपाट अंथरुणावर ठेवा. रांगतं-चालतं मूल जमिनीवरच झोपवा, आणि झोळीची दोरी वर गुंडाळून ठेवा.