पणजीत निवांत दिवस कसा घालवावा

गोव्यात येणारे बरेच पाहुणे पणजीला समुद्रकिनाऱ्याच्या वाटेवरचा थांबा समजतात आणि चर्चसमोर छायाचित्र काढून तासाभरात कळंगुटकडे निघतात. ही राजधानी पाहायची असेल, तर पूर्ण दिवस हाती ठेवावा आणि तो शहराच्या स्वतःच्या वेळापत्रकानुसार आखावा. सकाळ जुन्या वस्तीत, दुपार सावलीत आणि संध्याकाळ मांडवी नदीच्या काठाने, हा क्रम उलटला तर उन्हाचा त्रास होतो आणि नेमक्या सोयीच्या वेळी दुकाने बंद मिळतात. नोव्हेंबर ते फेब्रुवारी हे महिने पायी फिरण्यास सर्वांत चांगले.

कदंब बसस्थानकावर उतरणे सर्वांत सोयीचे. स्वतःचे वाहन असेल, तर ते पाटो परिसरातील वाहनतळावर ठेवून दिवसभर विसरावे, कारण आतील गल्ल्या अरुंद आहेत आणि जागा शोधण्यातच सकाळ निघून जाते. पाटोहून खाडी ओलांडली की फोंतेन्हास आणि मळा ही जुनी वस्ती लागते. तेथे आठच्या सुमारास पोहोचावे. त्या वेळी ऊन कोवळे असते, पिवळ्या, निळ्या आणि गेरूच्या रंगाच्या भिंती उजळून निघतात आणि पर्यटकांची गर्दी अद्याप सुरू झालेली नसते. लाकडी सज्जे, कौलारू छपरे आणि जुन्या खिडक्यांत काचेऐवजी बसवलेल्या शिंपल्यांच्या चकत्या सावकाश पाहाव्यात. तेथील सेंट सेबॅस्टियन कपेलातील, म्हणजे छोट्या प्रार्थनागृहातील, क्रूसावरचा ख्रिस्त डोळे उघडे असलेला आहे. हा क्रूस पूर्वी ओल्ड गोव्यातील इन्क्विझिशनच्या, म्हणजे पोर्तुगीज काळातील चर्चच्या धर्मन्यायालयाच्या, वाड्यात होता, हे ठाऊक असेल तर त्याच्यापुढे पाऊल आपोआप थांबते. एक गोष्ट मात्र आवर्जून सांगावीशी वाटते: ही लोकांची राहती घरे आहेत. कोणाच्या उंबरठ्यावर बसून छायाचित्रे काढू नयेत, मोठ्याने बोलू नये आणि दार उघडे दिसले म्हणून आत डोकावू नये. छायाचित्रांसाठी येणाऱ्यांच्या गर्दीने येथील रहिवासी खरोखरच त्रस्त झाले आहेत.

न्याहारी शहराच्या मध्यभागी एखाद्या जुन्या उपाहारगृहात करावी. पातळ भाजी आणि पाव, किंवा सुकी भाजी आणि पुरी, सोबत तिखट मिरचीभजी आणि चहा, ही पणजीकरांची रोजची सकाळ आहे. हॉटेलातील ठरावीक न्याहारीसाठी ती चुकवू नये.

पोट भरले की चर्च चौकात जावे. निर्मल गर्भसंभवाच्या मातेचे हे चर्च मूळ १५४१ मधील छोट्या प्रार्थनागृहाच्या जागी १६१९ मध्ये नव्याने उभे राहिले. त्यावरील प्रचंड घंटा ओल्ड गोव्यातील ऑगस्टिनियन मठाची असून ती अग्वादच्या दीपगृहामार्गे १८७१ मध्ये येथे आली. तेथून नदीकडे उतरल्यावर आदिलशहाचा वाडा लागतो. पोर्तुगीज काळात राज्यपालांचे निवासस्थान आणि पुढे सचिवालय म्हणून वापरलेल्या या वास्तूत २००० पर्यंत गोव्याची विधानसभा भरत असे. शेजारीच आबे फारिया यांचा पुतळा आहे. १७५६ मध्ये कांदोळीत जन्मलेल्या या धर्मगुरूने पॅरिसमध्ये संमोहनाचा अभ्यास केला आणि त्याचा प्रभाव कोणत्याही चुंबकीय शक्तीतून नव्हे, तर संमोहित होणाऱ्या व्यक्तीच्या स्वतःच्या मनातून येतो, असे मांडले. इतक्या मोठ्या विचाराच्या माणसाचा पुतळा पाहायला येथे फारसे कोणी थांबत नाही, याचे वाईट वाटते, आपण थांबावे. जवळच्या आझाद मैदानावरील हुतात्मा स्मारकही १९ डिसेंबर १९६१ च्या मुक्तीपूर्वीच्या लढ्याची आठवण म्हणून पाहावे.

दुपारी एकच्या सुमारास पुष्कळ दुकाने बंद होतात आणि तीन-साडेतीनच्या पुढे उघडतात. त्याविषयी कुरकुर करण्यापेक्षा तो वेळ जेवणासाठी आणि विश्रांतीसाठी वापरावा. माशाच्या ताटात हुमण (माशाची आमटी), तळलेला मासा, किसमूर (सुक्या मासळीची खोबरे घातलेली कोशिंबीर) आणि सोलकढी असली की घाई करण्याचे कारणच उरत नाही. शाकाहारी ताटही अनेक ठिकाणी उत्तम मिळते. वाचनाची आवड असणाऱ्यांनी पाटो येथील मध्यवर्ती ग्रंथालयात बसावे. १८३२ मध्ये सुरू झालेली ही संस्था देशातील सर्वांत जुन्या सार्वजनिक ग्रंथालयांपैकी एक आहे.

चारनंतर आझाद मैदानाजवळच्या मिनेझिस ब्रागांझा संस्थेच्या प्रवेशदालनात निळ्या-पांढऱ्या चित्रफरशा पाहाव्यात आणि नदीकाठाने कांपालकडे चालत जावे. तेथील कला अकादमीची वास्तू वास्तुविशारद चार्ल्स कोरिया यांनी आखलेली आहे. तिच्या मुख्य नाट्यगृहाला दीनानाथ मंगेशकरांचे नाव आहे. एखादे मराठी नाटक किंवा गायनाची मैफल त्या दिवशी असेल, तर आधीच तिकिटाची चौकशी करून ठेवावी आणि पुढच्या मिरामार किनाऱ्याचा बेत आवरता घ्यावा. अन्यथा तसेच पुढे मिरामारला जावे, जेथे गोव्याचे पहिले मुख्यमंत्री भाऊसाहेब बांदोडकर यांची समाधी आहे. वाळूवर बसणे चांगले, परंतु मांडवीच्या मुखाजवळ पाण्याला ओढ असल्याने पोहायला उतरू नये. परतीसाठी मिरामारहून बसस्थानकाकडे जाणाऱ्या बस मिळतात. मात्र गोव्यात रात्री बसफेऱ्या विरळ होतात, म्हणून गावाबाहेर मुक्काम असणाऱ्यांनी आपल्या शेवटच्या बसची वेळ सकाळी उतरल्यावर स्थानकावरच विचारून घ्यावी.