नेत्रतज्ज्ञ आजोबांचं चरित्र घरच्यांनी लिहायचं तर

नव्वदीतल्या डॉक्टरांना "आठवणी सांगा" म्हटलं की पदवी, सत्कार आणि चार गोड वाक्यं मिळतात. त्यापेक्षा त्यांच्या कपाटातली एकेक वस्तू हातात द्या आणि "हे कसं वापरायचं?" एवढंच विचारा.

सुरुवात चष्म्याच्या नंबराच्या पेटीने, म्हणजे नंबर तपासायच्या सुट्या भिंगांच्या पेटीने करा. मग दवाखान्याची खोली टेपने मोजा. नजर तपासायचा अक्षरांचा तक्ता 6 मीटरवरून वाचायचा असतो. खोली लहान असेल तर समोर आरसा आणि तक्ता रुग्णाच्या डोक्यामागे, म्हणजे 3 मीटरमध्ये काम भागतं. ती खोली का घेतली, भाडं किती होतं, आरसा कुठे टांगला होता, हे सगळं त्या एका मापातून निघतं. रेटिनोस्कोप (डोळ्यात उजेड टाकून नंबर काढायचं हातातलं उपकरण) मिळाला तर त्यांना तो धरून बसायला सांगा आणि फोटो घ्या. साधारण 66 सेंटिमीटरवर बसून तपासायचं आणि आलेल्या नंबरातून दीड वजा करायचा, ही सवय हाताला आयुष्यभर राहते.

जुन्या केसपेपरवरचे डोळ्याच्या दाबाचे आकडे वाचताना हमखास चूक होते. शियोट्झच्या दाबमापकाचा (बुबुळावर टेकवून दाब मोजायच्या जुन्या उपकरणाचा) काटा जितका कमी सरकेल तितका दाब जास्त. कागदावरचा आकडा हा काट्याचा की काट्यावरून दाब सांगणाऱ्या कोष्टकातून काढलेल्या दाबाचा, हे त्यांनाच विचारा.

सर्वांत जास्त वेळ मोतीबिंदूला द्या, कारण याच एका शस्त्रक्रियेत त्यांच्या हयातीत सगळं बदललं. हॅरोल्ड रिडली यांनी 1949 साली डोळ्यात पहिली कृत्रिम लेन्स बसवली, चार्ल्स केलमन यांची फेको पद्धत (ध्वनिलहरींनी मोतीबिंदू फोडून शोषून घेण्याची) 1967 ची. पण लहान गावात या गोष्टी फार उशिरा पोचल्या. त्याआधी नैसर्गिक भिंग आवरणासकट काढत, डोक्याच्या दोन्ही बाजूंना वाळूच्या पिशव्या ठेवून रुग्णाला निजवत आणि नंतर +10 च्या आसपासचा जाड चष्मा देत. त्या चष्म्यातून वस्तू पाव पटीहून जास्त मोठी दिसायची. एकाच डोळ्याची शस्त्रक्रिया झाली असेल आणि दुसऱ्याने नीट दिसत असेल तर दोन्ही प्रतिमा जुळतच नसत. म्हणून विचारा: मोतीबिंदू पिकेपर्यंत थांबायला केव्हापर्यंत सांगत होतात? टाके कशाचे घालत होतात? पहिली लेन्स बसवली त्या रात्री झोप लागली का?

सालं मात्र नुसत्या आठवणीवर सोडू नका. कागदाचे दोन रकाने करा: डावीकडे घर, उजवीकडे दवाखाना. "स्लिट लॅम्प (डोळा मोठा करून बघायचं दिव्याचं यंत्र) आला तेव्हा धाकटी रांगत होती" हे वाक्य 1970 किंवा 1972 या अंदाजापेक्षा भरवशाचं आहे. मग नोंदणीचं प्रमाणपत्र, कर्जाचे कागद, यंत्राची पावती यांच्याशी ताडून बघा. या रकान्यांमध्येच त्यांचा संसार दिसतो: कुठल्या बारशाला ते पोचले नाहीत, परीक्षेच्या दिवसांत शिबिराला कोण गेलं.

ध्वनिमुद्रण सकाळी, 40 मिनिटांच्या आत. फोन विमान मोडवर, पंखा बंद. ऐकू कमी येत असेल तर समोर बसा, उजेड तुमच्या तोंडावर पडू द्या.

उपकरणं चकचकीत करू नका. घासल्याने कोरलेले आकडे जातात. भिंगावरची धूळ रबरी फुग्याने उडवा, कोरड्या फडक्याने घासलं तर चरे पडतात. फोटो खिडकीच्या उजेडात, फ्लॅशशिवाय. केसपेपरचा फोटो छापायचा तर रुग्णाचं नाव, गाव, वय झाका. हा नियम कोणासाठीही मोडू नये.

आजीशी वेगळं बोला, ते खोलीत नसताना. रात्री-अपरात्री दार कोण उघडायचं, उपकरणं कोण उकळायचं, फी न घेतलेल्या महिन्यात घर कसं चाललं, ही माहिती तिच्याकडेच असते. दोघांच्या हकिगती जुळल्या नाहीत तर दोन्ही ठेवा.

कच्चा मसुदा 18 पॉइंटच्या ठळक अक्षरात छापा, तरीही वाचायला त्रास होत असेल तर मोठ्याने वाचून दाखवा आणि ते जिथे "थांब" म्हणतील तिथे पेन्सिलीने खूण करा.