खोका निवडण्याआधी एक प्रश्न: भार कोण उचलणार?

दिवाळीच्या फराळाची पहिली मोठी ऑर्डर नागपूरला पाठवायची होती. चकल्यांची बारा पाकिटं मी एका मोठ्या खोक्यात रचली. वर चार बोटं जागा उरली, ती तशीच रिकामी सोडून टेप मारली. तीन दिवसांनी तिकडच्या ताईंनी फोटो पाठवला. खोक्याचं तोंड आत दबलेलं आणि वरच्या पाकिटांतल्या चकल्यांचा चुरा. चकली छान जमली होती, खोका चुकला होता. घरून माल पाठवणाऱ्या कुणावरही ही वेळ येऊ नये, म्हणून खोका कसा निवडायचा ते नीट सांगते.

पहिला प्रश्न आकाराचा किंवा छपाईचा नाही. वरून ओझं आलं तर ते कोण पेलणार, वस्तू की खोका? तुपाचा डबा, लोणच्याची बरणी स्वतः भार घेतात. खोक्याने त्यांना एकत्र धरायचं आणि एकमेकांवर आपटू द्यायचं नाही, एवढंच. चकली, अनारसे, आंबा यांना भार सोसत नाही. गोदामात वर ठेवलेल्या चार खोक्यांचं वजन तिथे पुठ्ठ्याच्या भिंतींनाच घ्यावं लागतं, आणि त्यातलं बरंचसं चार कोपऱ्यांवर येतं. याचं उत्तर ठरलं की पुढचं सगळं सोपं होतं.

पुठ्ठ्याची कड बघा

दुकानात खोका हातात घ्या आणि कापलेली कड डोळ्यांजवळ धरा. दोन सपाट कागद आणि मध्ये नागमोडी कागदाची एक ओळ दिसली तर तो तीन प्लाय, म्हणजे तीन थरांचा. अशा दोन ओळी दिसल्या तर पाच प्लाय, तीन दिसल्या तर सात. चार-पाच किलोंपर्यंतच्या घरगुती मालाला तीन प्लाय सहसा पुरतो. त्याहून जड, काचेचा किंवा लांबच्या प्रवासाचा माल असेल तर पाच प्लाय घ्या. सात प्लाय यंत्रांच्या सुट्या भागांसारख्या जड मालासाठी असतो.

नागमोडी ओळीची, म्हणजे फ्लूटची किंवा पन्हळीची, उंचीही बघा. साधारण चार मिलिमीटरची सी फ्लूट धक्का चांगला झेलते. तीन मिलिमीटरची बी फ्लूट जास्त कणखर असते, सहज दबत नाही. दीड मिलिमीटरच्या ई फ्लूटवर छपाई सुंदर उठते, म्हणून ती भेटवस्तूंच्या खोक्यांना वापरतात.

खोका उभा ठेवल्यावर या पन्हळी जमिनीपासून वर उभ्या जायला हव्यात, खांबांसारख्या. आडव्या गेल्या तर तोच पुठ्ठा वरच्या वजनाने लवकर दबतो. रिकामा खोका हातात असेल तर वरच्या पाकळीची बाहेरची कड बघा. तिथे नागमोडी दिसली म्हणजे पन्हळी उभ्या आहेत.

ऑर्डर देताना कागदाचे जीएसएम आणि बीएफ दोन्ही विचारा. जीएसएम म्हणजे एक चौरस मीटर कागदाचं ग्रॅममधलं वजन. बीएफ म्हणजे बर्स्टिंग फॅक्टर, त्यावरून कागद किती दाबाला फुटेल ते कळतं. दोन्हींचा गुणाकार करून हजाराने भागा. 150 जीएसएम, 16 बीएफचा कागद आणि 120 जीएसएम, 20 बीएफचा कागद, दोन्हींचं उत्तर 2.4 येतं, म्हणजे दोन्ही सारख्याच दाबाला फुटतात. नुसता जाड कागद बघून जास्त पैसे देऊ नका.

आता खोक्याचा प्रकार

सगळ्यांत जास्त चालतो तो युनिव्हर्सल खोका. वर चार पाकळ्या, खाली चार, मध्ये टेप. एकाच तावातून निघतो, कागद फार वाया जात नाही, म्हणून स्वस्त पडतो. पण त्याच्या बाहेरच्या दोन पाकळ्याच मधोमध एकमेकींना भिडतात. खोका लांबट असेल तर आतल्या दोघींमध्ये फट राहते. त्या फटीवर बरणीचा तळ आला की बरणी डुगडुगते. तळाला पुठ्ठ्याचा एक सपाट तुकडा घातला की हे थांबतं. बरण्यांमध्ये पुठ्ठ्याचे उभे-आडवे कप्पे घाला. नुसत्या कागदाच्या बोळ्यांवर काच सोपवू नका.

साडी, पुस्तक, दागिने, भेटीचा फराळ यांना सेल्फ-लॉक खोका शोभतो. झाकण तळालाच जोडलेलं असतं आणि पुढे खाचेत अडकतं. बाजूच्या भिंती दुमडून दुहेरी होतात, त्यामुळे लहान आकारात तो मजबूत असतो. तो डायवर, म्हणजे त्याच आकाराच्या कापणीच्या साच्यावर, कापावा लागतो. शंभर-दोनशे नगांसाठी स्वतःची डाय करण्यापेक्षा दुकानदाराकडच्या तयार मापांत आपलं पाकीट बसवा.

टॉप-बॉटम खोक्याचं झाकण आणि तळ वेगळे असतात. आंब्याच्या डझनाच्या खोक्यात हे रूप दिसतं. झाकण तळापर्यंत उतरत असेल तर चारही बाजूंना पुठ्ठा दुहेरी होतो, आणि भार न सोसणाऱ्या हापूसला तेच हवं. पिकताना आंबा ऊब आणि ओलावा सोडतो, म्हणून भोकं पाहिजेतच. ती भिंतीच्या मधल्या भागात असावीत. कोपऱ्याजवळ भोक पडलं की खांबच कापला जातो. झाकणाची आणि तळाची भोकं एकमेकांसमोर येतात का, तेही बघा.

ऑटो लॉक-बॉटम खोका उघडला की तळ आपोआप बसतो. रोज पन्नास बरण्या भरणाऱ्या बचत गटाचा त्यात खूप वेळ वाचतो. मिठाईचा डबा मात्र पन्हळी नसतो, तो डुप्लेक्स बोर्डचा, म्हणजे सपाट, पातळ पुठ्ठ्याचा. तो काउंटरवर द्यायला छान, पण कुरिअरने एकटा पाठवू नका, बाहेरून पन्हळी खोका हवाच. आणि फराळ पुठ्ठ्याला थेट टेकवू नका, आधी खाद्यपदार्थांसाठीच्या पाकिटात भरा. वर्तमानपत्रात तर मुळीच गुंडाळू नका. 2018 च्या अन्न पॅकेजिंग नियमांनुसार त्याला बंदी आहे.

माप घ्या, पैसे वाचवा

खोक्याचं माप आतून घेतात: लांबी, रुंदी, उंची याच क्रमाने. आधी माल टेबलावर रचा, मग पट्टी लावा. नाजूक माल असेल तर भरावासाठी प्रत्येक बाजूला दोन बोटं सोडा. तो भराव खरोखर भराही, माझी चूक तिथेच झाली होती.

मोठा खोका खिशालाही जड जातो. हवाई कुरिअरमध्ये लांबी, रुंदी आणि उंचीचा सेंटीमीटरमधला गुणाकार बहुधा 5000 ने भागतात, आणि ते उत्तर खऱ्या वजनापेक्षा जास्त आलं तर त्याचेच पैसे घेतात. 40 × 30 × 25 चा खोका सहा किलोंचा धरला जातो, आत फराळ चारच किलो असला तरी. 35 × 28 × 20 मध्ये तोच माल बसवला तर आकाराचा हिशोब चार किलोंच्या आत येतो आणि खऱ्या वजनाचेच पैसे पडतात.

भरून तपासा

शंभर खोके मागवण्याआधी एक नमुना घ्या. माल भरा, मधल्या फटीवर आणि दोन्ही टोकांच्या कडांवर टेप लावा, म्हणजे वरून इंग्रजी एच अक्षर दिसेल. आता हलवा. आत खडखड ऐकू आली तर भराव कमी पडला. मग कमरेच्या उंचीवरून एकदा तळावर, एकदा कडेवर, एकदा कोपऱ्यावर सोडा. नंतर त्यावर तांदळाची दहा किलोंची पिशवी ठेवून रात्रभर राहू द्या. सकाळी भिंती फुगल्या असतील तर पुढच्या प्लायवर जा, तीनवरून पाचवर. खोका उघडून चकल्या मोजा, अख्ख्या किती आणि तुटक्या किती.

रिकामे खोके जमिनीवर किंवा ओल्या भिंतीला टेकवून ठेवू नका. पावसाळ्यात पुठ्ठा हवेतलाच ओलावा ओढतो आणि मऊ पडतो. फळीवर, भिंतीपासून वीतभर लांब, आडवे रचा. कोकणात राहत असाल तर जून ते सप्टेंबरमध्ये लागतील तसे थोडे थोडेच आणा.